गाळलेली अट

कर्कना बेटावरचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण सलामाला सलाम दिल्यावाचून राहणार नाही. आणि सलाम म्हणजे नुसतं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं नव्हे. उजवा हात छातीवर गेला पाहिजे. त्या हातात जाळं असेल तर खाली ठेवा, भाकरी असेल तर डाव्या हातात घ्या, पण उजवा मोकळा करा. डाव्या हाताने सलाम करणारा एक तर लुळा असतो, नाहीतर राजधानीत वाढलेला, असं बेटावर म्हणतात आणि दोघांचीही सारखीच कीव करतात.

शेदलीकाका या बाबतीत बेटाच्याही वरताण. बेटाच्या उत्तर टोकाला समुद्र इतका उथळ आहे, की ओहोटीला गाढवसुद्धा चालत आत जाईल. तिथे होड्या वर ओढून घ्यायला एक दगडी उतरण आहे आणि उतरणीच्या माथ्यावर लोखंडी रहाट. होडी चाकांच्या गाड्यावर चढवायची, गाड्याला दोर, दोर रहाटाला आणि रहाटाचं हँडल काकांच्या हाताला. काका फिरवत असताना वाटेनं कुणी गेलं, की हँडल सोडून हात छातीवर. मग घरचे कसे आहेत, म्हातारीचे गुडघे काय म्हणतात, शेळी व्याली का. तोवर होडी उतरणीच्या मध्यावर जिथल्या तिथे उभी. होडीवाला खालून ओरडायचा, "काका, मी इथेच म्हातारा होऊ का?"

"हो की! तरणा असून तरी काय दिवे लावलेस?" काका म्हणायचे आणि मग सावकाश पुन्हा हँडलाला हात घालायचे.

होडी मागे का घसरत नाही, हा प्रश्न गावात कुणाला पडला नव्हता. रहाट धरून ठेवतो, झालं.

एम्नाला मात्र तो लहानपणीच पडला होता. तिचे वडील त्याच उतरणीला होडी लावत. पुढे ती पलीकडच्या किनाऱ्यावर, स्फॅक्स शहरात यंत्रं शिकली, तिथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि उत्तर तिला सापडलं. रहाटाच्या पेटीत एक मळसूत्र आडवं बसवलेलं असतं आणि त्याला भिडून एक दात्यांचं चाक. याला वर्म गिअर म्हणतात. जुन्या रहाटाच्या मळसूत्राचे आटे इतके निजलेले होते, की मळसूत्र चाकाला फिरवू शके, चाक मळसूत्राला नाही. ओझं मागे कितीही ओढो, घासून जागीच अडे. पण त्याच घासण्यात फिरवणाऱ्याची निम्म्याहून जास्त ताकद वाया जाई. खाष्ट सासूसारखं काम: घर धरून ठेवते, पण सगळ्यांचा जीव काढते.

इतकी वर्षं ते कुणाला जड झालं नव्हतं. जड झालं ते पाहुणे यायला लागल्यावर.

पाहुण्यांवाचून गत्यंतरही नव्हतं. मोठ्या बोटी तळ खरवडून मासे नेत होत्या, ऑक्टोपससाठी बुडवलेली मातीची मडकी रिकामी वर येत होती, आणि गावातली तरणी पोरं काळोखात इटलीची वाट धरत होती. त्यात स्फॅक्सच्या एका सहल कंपनीचा रमझी नावाचा माणूस आला. त्यानं खजुरीच्या झावळ्यांचे मासे पकडायचे सापळे पाहिले, सपाट बुडाच्या शिडाच्या होड्या पाहिल्या, शेदलीकाकांच्या बायकोच्या, मबरूकाकाकूच्या हातचं ऑक्टोपसचं सूप दोनदा मागून प्यायला आणि म्हणाला, सबंध उन्हाळाभर पाहुणे आणतो. घराघरांतून खोल्यांना चुना लागला. एम्नाच्या आईनं लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या चादरी बाहेर काढल्या. लेक लग्नाचं नाव काढत नाही, निदान चादरींचं तरी सोनं होऊ दे, म्हणाली.

अडचण एकच होती. पाहुणे बहुतेक वयस्क. होडीतून उतरले की गुडघाभर चिखलात. रमझीनं सांगितलं, पाय कोरडे राहिले पाहिजेत. माणसांसकट होडी वर ओढा, आणि झटपट ओढा.

"समुद्र बघायला येणार आणि पाय भिजवणार नाहीत!" मबरूका म्हणाली. "आंघोळीला बसायचं आणि डोक्यावर छत्री धरायची!"

पण भरल्या होडीला जुना रहाट खरंच पुरेना. दोघं जण घामाघूम व्हायचे, निम्म्या वाटेवर पाहुण्यांचे फोटो काढून संपायचे. मग गावचा ओमदा, म्हणजे सरकारनं नेमलेला मुखिया, लमजद, ज्याचा सरकार आणि गाव यांच्या मध्ये रोज चुरा होतो तो, फेरीबोटीनं स्फॅक्सला गेला आणि एम्नाला म्हणाला, "पोरी, गावासाठी एवढं कर. परक्याला कशाला सांगायचं, आपली लेक असताना?"

एम्नानं मनापासून केलं, हे खोटं नाही. आट्यांचा उतार किती, चाकाला दाते किती, मळसूत्र जाड किती, तेल कुठलं, अशा हजारो जोड्या तिनं संगणकाला तपासायला लावल्या आणि त्यातली सगळ्यात कमी ताकद खाणारी शोधायला सांगितली. सोबत अटी घातल्या: पेटी जुनीच वापरायची, दाते तुटता कामा नयेत, आणि सोडलं तरी ओझं आपोआप धरून राहिलं पाहिजे. संगणक दर वेळी फिरून फिरून जुन्या रहाटाच्याच आसपास येऊन बसायचा. जरासा हलका, पण सांगण्यासारखं काही नाही.

मग एका दुपारी तिनं ती शेवटची अट काढून टाकली. बघू तरी, म्हणून.

उत्तरं अशी उजळली, की तिला हसूच आलं. आटे उभे होत गेले, घासणं घटलं, ताकद निम्म्यावर आली. धरून ठेवायला काय, हँडलाच्या आसाला एक खिटी लावू. पुढे फिरू देईल, मागे नाही. एवढं ठरवून तिनं तेच गणित कॉलेजातल्या सभेत मांडलं. टाळ्या पडल्या. मळसूत्र आणि ब्राँझचं चाक घडवून आलं. खिटी ओतकाम करणाऱ्याकडे अडकली. आज देतो, उद्या देतो.

बसवलं त्या दिवशी अख्खं गाव उतरणीवर होतं. शेदलीकाकांनी एका हातानं रिकामी होडी वर आणली आणि हँडल सोडून मिशीला पीळ दिला.

"अगं, हा रहाट आहे की कॉफीची चक्की?"

होडी जागच्या जागी राहिली. रिकामी होती, गिअर कोरा आणि खरबरीत होता, म्हणून राहिली, हे एम्नाला कळलं. दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी कॉफीच्या दुकानासमोर लमजदनं सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे जुन्यासारखाच, फक्त हलका. हो ना गं?"

आता सांगायचं होतं. खिटी बसेपर्यंत हँडल सोडू नका. कुणीही आलं, राष्ट्राध्यक्ष आला तरी सोडू नका. एवढंच वाक्य. पण ते म्हणायचं म्हणजे, जुन्या मुक्या लोखंडाला जे जमत होतं ते माझ्या यंत्राला जमत नाही, असं सगळ्या गावासमोर म्हणायचं. आई शेजारणींत बसून ऐकत होती. सगळे चेहरे कौतुकानं तिच्याकडे वळले होते. एम्नाला लाज वाटली, दुसरं काही नाही.

"हो," ती म्हणाली. "तसाच."

पाहुण्यांचा पुढचा जथा यायच्या दिवसापर्यंत खिटी आली नाही. तेव्हाही सांगता आलं असतं. आठवड्यात येईल, तोवर काही होत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला समजावणं फार छान जमतं.

त्या सकाळी पहिली होडी पाहुण्यांनी भरून गाड्यावर चढली. काकांनी ठेवणीतली लाल टोपी घातली होती. गाडा सुरसुर वर येऊ लागला. पाहुणे खूश, रमझी खूश. उतरणीच्या मध्यावर होडीच्या नाळेजवळ, पुढच्या टोकाला बसलेली एक इटालियन आजीबाई काकांकडे बघून हसली. तिला कुणीतरी सकाळीच शिकवलं असावं. तिनं आपला उजवा हात छातीवर ठेवला आणि मोडक्या उच्चारात सलाम केला.

एम्ना चार पावलांवर उभी होती. तिला पुढचं सगळं दिसलं, आणि ओरडायला तोंड उघडेपर्यंत होऊनही गेलं. काकांचा हात हँडलावरून सुटून छातीवर गेला. हँडल क्षणभर घुटमळलं आणि उलटं फिरलं. काका ते धरायला गेले. हाड मोडल्याचा आवाज माथ्यावरच्या सगळ्यांनी ऐकला. होडी मागे धावत पाण्यात आदळली, आजीबाई टोपीसकट चिखलात पडली.

तिला काही झालं नाही. उलट तीच चिखलात बसून हसत सुटली. पण रमझीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काय झालं? काय झालं हे?"

काका जमिनीवर बसले होते, मोडका हात मांडीवर धरून. चेहरा पांढराफटक. "माझा हात सुटला," ते म्हणाले. "माझंच चुकलं साहेब. पाहुणीला लागलं का?"

रमझी एम्नाकडे वळला. "यंत्रात काही बिघाड?"

गाव तिच्याकडे बघत होतं. लमजद बघत होता, चुना लावलेल्या खोल्यांच्या मालकिणी बघत होत्या.

"नाही," एम्ना म्हणाली. "यंत्र ठीक आहे."

तिथून पुढे गावानं आपलं आपण जुळवून घेतलं. कुणी कट केला नाही, कुणाला करावा लागला नाही. नवा रहाट हलका. काकांनी हात काढताना धक्का दिला असणार. वय झालं. हात थरथरतोच हल्ली, चहा सांडतात, मी पाहिलंय. आधी एकानं पाहिलं होतं, मग सगळ्यांनीच पाहिलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकांनाही ते पटलं. इतकी वर्षं त्यांनी रहाट सोडून सलाम केला होता, कधी काही झालं नव्हतं. मग या वेळी बदललं काय? बदललं असेल तर आपणच. त्यांनी कॉफीच्या दुकानात जाणं सोडलं. घरासमोरच्या ओट्यावर बसायचे तेही भिंतीकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम द्यावा लागू नये म्हणून. जपून ठेवलेले वाळवलेले ऑक्टोपस त्यांनी त्या इटालियन आजीबाईकडे पाठवले आणि माफी मागितली.

एम्ना रोज त्यांच्याकडे जायची. कॉलेजात रजा टाकली होती. साखर न्यायची, दूध न्यायची, काकांना विचारायची, दुखतंय का. वाक्य तोंडाशी यायचं, तेवढ्यात मबरूकाकाकू म्हणायची, "बघा, पोटची पोरगी तरी इतकी येते का!" आणि वाक्य मागे जायचं. घरी परतताना तिला स्वतःची शिसारी यायची.

मग एका दुपारी लमजद रमझीला घेऊन काकांकडे आला. बरोबर गावातली पाच-सात माणसंही आली. मबरूकानं बदाम घालून लाल चहा केला. इकडचं तिकडचं झाल्यावर रमझीनं गोड आवाजात सांगितलं, की कंपनी करार मोडणार नाही. फक्त रहाटावर तरणा माणूस हवा. आणि काकांनी पाहुण्यांच्या वेळेला उतरणीवर येऊ नये, पाहुणे घाबरतात.

रहाटाचं हँडल काढता यायचं; काम संपलं की काका ते घरी आणून दाराशी टांगत. ते उठले, डाव्या हातानं ते काढलं आणि लमजदपुढे धरलं.

"डाव्या हातानं देतोय, माफ कर बाबा. उजवा हा असा."

एम्ना दाराशी उभी होती. साखरेची पुडी तिच्या हातात होती ती तिनं खाली ठेवली.

"काकांचा हात सुटला नाही," ती म्हणाली. "धक्काबिक्का काही लागला नाही. रहाटच धरत नाही. मी केलेला रहाट सोडला की मागे येतो. मला माहीत होतं."

मग लमजदनं एक लांब उसासा टाकला आणि त्याचे डोळे चक्क पाणावले.

"बघितलंत रमझीसाहेब? याला म्हणतात कर्कनाची लेक. म्हाताऱ्याची लाज राखायला स्वतःचं नाव बुडवायला निघाली."

"अल्लाह तुझं भलं करो, पोरी," कुणीतरी म्हणालं. मबरूकानं तर उठून तिचं डोकं छातीशी धरलं.

"काकू, अहो, खरं सांगतेय मी!"

"हो गं बाई, हो. मोठं मन आहे तुझं."

काका म्हणाले, "नको पोरी. माझं ओझं तू घेऊ नकोस."

खरं बोलून माणूस आणखी वर चढतो, हे एम्नानं पहिल्यांदाच पाहिलं. तिला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिनं लमजदच्या हातातून हँडल हिसकावलं आणि ती चालू लागली. "या," ती म्हणाली. "सगळे या. काका, तुम्हीपण."

उतरणीवर होडी गाड्यावरच उभी होती. एम्नानं माणसांना दगड भरायला लावले, माणसं भरतात तेवढं वजन होईपर्यंत. वाटेत भेटलेले लोक मागोमाग आले होते. कॉफीचं दुकान ओस पडलं होतं. तिनं हँडल बसवलं आणि होडी निम्म्यावर आणली. मग ती तीन पावलं मागे सरली आणि दोन्ही हात वर केले.

होडी हलली नाही.

कुणीतरी हसलं. "धरतोय की! एम्ना, पुरे झालं आता, चहा गार होतोय!"

होडी खरंच उभी होती. हँडल निश्चल. आणि त्या क्षणी एम्नाला आनंद झाला. धरतोय. म्हणजे आपलं चुकलंच नसेल. म्हणजे काकांचाच धक्का लागला असेल. छातीत ऊब पसरली, आणि ती पसरत असतानाच आपल्याला काय वाटतंय हे तिला कळलं. पुढे आयुष्यात तिला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटली ते हेच, रहाटही नव्हे आणि 'हो, तसाच' हे दोन शब्दही नव्हेत.

तेवढ्यात भरतीची एक फुटकळ लाट उतरणीवर चढत येऊन गाड्याच्या मागच्या चाकाला लागली. तेवढा हादरा पुरला. हँडल एक इंच सरकलं, मग वीतभर, मग दिसेनासं होऊन गरगरलं. होडी दगडांसकट खाली गेली आणि पाण्यात आडवी झाली. हँडलापाशी कुणी नव्हतं, धक्का द्यायला हात नव्हता. हे सगळ्यांनी पाहिलं.

रमझीनं खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत बाजूला गेला. लमजद मटकन दगडावर बसला. बायका चादरींच्या, खोल्यांच्या विचारानं एकमेकींकडे बघू लागल्या. एम्नाची आई त्यांच्यात होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. एकानंही एम्नाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"खिटी बसवली की धरेल," एम्ना कशीबशी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात…"

कुणी ऐकलं नाही. शेदलीकाका गळ्यात हात बांधलेले, हळूहळू तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, काका."

"मी 'हात सुटला' म्हणालो, तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

काकांनी बराच वेळ मान हलवली. रागाचा मागमूस नव्हता त्यांच्या तोंडावर. कळायला उशीर लागलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

"हाताचं काय, हाड जुळतं," ते म्हणाले. "पण मबरूका मला घास भरवते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतो. नमाजाला उभा राहिलो तरी मनात एकच, आपल्या हातून पाहुणी चिखलात पडली. इतके दिवस मी ती लाज घेऊन बसलो, माझीच म्हणून. ती तुझी होती. आणि तू रोज येऊन विचारत होतीस, काका, दुखतंय का?"



"सांगायचं तरी गं पोरी," काका म्हणाले. "मी धरून ठेवलं असतं."

मग ते वळले आणि घरची आडवाट न धरता कॉफीच्या दुकानावरून जाणाऱ्या रस्त्यानं निघाले. लोक त्यांच्यामागे गेले. एम्ना उतरणीवर एकटी राहिली, खाली पाण्यात होडी आडवी पडली होती.